इबिड नाही म्हणून प्रबंध परत येतो?

कोल्हापुरात पीएच.डी. करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: तळटिपांत ‘इबिड’ (म्हणजे लगेच आधीच्या टिपेतलाच संदर्भ) आणि ‘ऑप. सिट.’ (म्हणजे त्या लेखकाचं आधी कुठंतरी दिलेलं पुस्तक) हवंच, नाहीतर प्रबंध परत येतो; तीच आंतरराष्ट्रीय पद्धत; जागा वाचते; वर प्लॅजरिझमचा, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराचा, टक्काही उतरतो.

आंतरराष्ट्रीय म्हणाल, तर संदर्भ देण्याच्या एपीए आणि एमएलए या दोन्ही शैलींत इबिडला थाराच नाही. तळटिपांची शिकागो शैली ते चालवून घेते, पण २०१७ च्या सतराव्या आवृत्तीपासून तिचाही कल आडनाव, छोटं शीर्षक आणि पान असं लिहिण्याकडे आहे. ऑप. सिट. तर तिनं केव्हाच मोडीत काढलंय. इंग्लंडमधल्या कायद्याच्या लेखनात इबिड अजून चालतं, हे खरं.

जागा वाचते, हे मात्र नीट बघू. शाहू महाराजांच्या आरक्षणाच्या हुकुमावर लिहिताना टीप १४ मध्ये ‘करवीर सरकारचे गॅझेट, २६ जुलै १९०२’ दिलं, टीप १५ मध्ये ‘इबिड’. गाइड म्हणाले, मध्ये एखाद्या वर्तमानपत्राचा दाखला घाला. घातला. वर्डनं टिपांचे आकडे आपोआप पुढे सरकवले, पण इबिड होतं तिथंच राहिलं आणि आता वर्तमानपत्राकडे बोट दाखवू लागलं. महाराजांचा हुकूम कुणा वार्ताहराच्या खात्यावर जमा! मराठीत ‘तत्रैव’ लिहिलं तरी हीच गत.

ऑप. सिट. चं दुखणं याहून जुनं. पाटलांची दोन पुस्तकं वापरलीत आणि टीप ९० मध्ये ‘पाटील, ऑप. सिट., पृ. ४५’ लिहिलंत, तर कुठलं पुस्तक? परीक्षकानं काय पहिला दाखला शोधत टीप ३ पर्यंत पानं उलटत बसायचं? ‘पाटील, सहकार, पृ. ४५’ लिहायला अक्षरंही जास्त लागत नाहीत.

टक्क्याचं तर सोडूनच द्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार साम्य मोजताना संदर्भ आणि ग्रंथसूची वगळायचीच असते. मग इबिडनं उतरणार काय?

राहिला प्रबंध परत येण्याचा धाक. विद्यापीठानं किंवा विभागानं शैली ठरवून दिली असेल तर ती मुकाट पाळायची, तिच्यात इबिड असेल तर इबिडसकट. फक्त लिहिताना प्रत्येक टिपेत आडनाव आणि छोटं शीर्षकच ठेवा. गाइडनी ‘आता बदल नाहीत’ म्हटलं आणि बाइंडिंगला जायची वेळ आली, की मग एकेक टीप वाचत इबिड घाला. डीटीपीवाल्यावर सोडू नका.