प्रमाणपत्रापलीकडची इंटर्नशिप
नामवंत संस्थेतील इंटर्नशिपचे प्रमाणपत्र मिळाले की विद्यार्थ्याच्या करिअरची दिशा ठरते, हे आपल्याकडे इंटर्नशिपविषयी आलेल्या लेखातील विधान मला अपुरे वाटते. रावेरची माझी पुतणी केळीच्या ऊतीसंवर्धन (झाडाच्या लहानशा तुकड्यापासून बाटलीत रोपे वाढवण्याच्या) प्रयोगशाळेत इंटर्न म्हणून काम करू लागली, तेव्हा आरंभी तिच्या वाट्याला पोषकमाध्यम तयार करणे, ते ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) १२१ अंश सेल्सियसला निर्जंतुक करणे आणि बुरशी लागलेल्या बाटल्यांची नोंद ठेवणे एवढेच आले. मात्र त्या नोंदींतूनच दूषितीकरण कोणत्या टप्प्यावर होते, हे शोधण्याची सवय तिला लागली. आणि मातृरोपात कुकुंबर मोझॅक हा रोगकारक विषाणू असेल तर तो प्रयोगशाळेतील रोपांतही उतरू शकतो, म्हणून मुनव्यांची (केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या, लागवडीच्या कोंबांची) चाचणी आधीच करावी लागते, हे उमगल्यावर प्राध्यापक होण्याचे ठरवून गेलेली ही मुलगी वनस्पती-विषाणुशास्त्राकडे वळली. मावा किडीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूच्या रोगाला, म्हणजे आमच्याकडच्या ‘हरण्या’ला, औषध नसल्याने रोगट झाडे उपटावीच लागतात, त्यामुळे तिचा निर्णय घरात लगेच पटला. म्हणूनच इंटर्नशिपमध्ये मार्गदर्शकाने प्रत्येक विद्यार्थ्याला एखादा छोटा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळू द्यावा, ही सूचना लेखात यायला हवी होती.