जिम अ‍ॅबटचे अठरा पराभव

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर पुन्हा तो व्हिडिओ आला. उजव्या हाताला पंजाच नसलेला अमेरिकन बेसबॉलपटू, मागे रडकं व्हायोलिन आणि खाली 'आपण कशाला कुरकुरतो?' मावशी, राग मानू नकोस, पण मला त्या व्हायोलिनचाच वैताग येतो.

जिम अ‍ॅबट काय करायचा ते बघा ना! ग्लोव्ह उजव्या हाताच्या टोकावर टेकवून ठेवायचा आणि डाव्याने चेंडू टाकायचा. चेंडू सुटला रे सुटला की डावा हात ग्लोव्हमध्ये, कारण समोरून सणसणीत फटका थेट अंगावर येऊ शकतो. चेंडू अडवला की ग्लोव्ह काखोटीला मारायचा, त्यातून डाव्याने चेंडू काढायचा आणि फेकायचा. हे सगळं धावणारा बॅटर पहिल्या बेसवर पोचायच्या आत. लहानपणी भिंतीवर चेंडू मारमारून घोटलेली सवय ती. चमत्कार कसला त्यात?

व्हिडिओ नेहमी १९९३ वर संपतो. ४ सप्टेंबर, यांकी स्टेडियम, क्लीव्हलँडविरुद्ध नो-हिटर: अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, नाही. आठवड्याभरापूर्वी याच संघाने त्याला झोडपून काढलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आणि १९९६ तर कापूनच टाकतात. कॅलिफोर्निया एंजल्सकडून त्या मोसमात २ विजय, १८ पराभव (बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर मांडतात). चेंडूचा वेग गेला होता. १९८९ मध्ये खालच्या पातळीच्या मायनर लीगचं तोंडही न पाहता थेट सर्वोच्च मेजर लीगमध्ये आलेला हा माणूस, त्याला त्या वर्षी पहिल्यांदा मायनरमध्ये धाडलं. पुढचं वर्ष घरी. १९९८ मध्ये पुन्हा खालून चढत शिकागो व्हाइट सॉक्समध्ये आला आणि सप्टेंबरात पाचही सामने जिंकला. सगळी कारकीर्द मिळून ८७ विजय, १०८ पराभव.

मला तो अठरा पराभवांचा मोसमच जास्त आवडतो. कुणी दया दाखवून त्याला खेळवत नव्हतं, एवढं तरी त्यातून कळतं. चाललं नाही, तर बाकीच्यांसारखंच घरी बसवलं.

शेवटच्या वर्षी, १९९९ मध्ये, तो मिलवॉकीला गेला. मेजर लीगच्या दोन गटांपैकी त्या संघाच्या गटात, नॅशनल लीगमध्ये, तेव्हा पिचरलाही बॅटिंग करावी लागायची. मेजर लीगमध्ये त्याने दोन हिट मारले, दोन्ही तिथेच. त्याचा व्हिडिओ कुणाकडे असेल तर टाका ग्रुपवर. व्हायोलिन काढून.