प्रेमकथेला अभ्यास लागतो

आज दुपारी डोकंच फिरलं. एका ॲपवर क्रमशः येणारी एक प्रेमकथा मी बरेच दिवस वाचतेय. काळ १९७९ चा. तो लालबागचा गिरणी कामगार, हिंदू. ती मालवणची, ख्रिश्चन. आजच्या भागात हा पठ्ठ्या रोज रात्री खोलीत पडल्या पडल्या तिला फोन करतो. मालवणला! तास तासभर! खाली एका वाचकाने अगदी नम्रपणे शंका विचारली, तर लेखिकेचं उत्तर : "ही प्रेमकथा आहे, इतिहासाचं पुस्तक नाही. भावना पोचल्या की झालं." त्यावर बदामांचा पाऊस.

भावना पोचल्या? कुठे पोचल्या? मला तर त्या फोनपाशीच तुटल्या.

माझी थोरली मावशी मुंबईत ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायच्या ठिकाणी, ऑपरेटर होती. तिच्याकडून ऐकलेलं सांगते. गावी फोन करायचा तर आधी कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. ऑर्डिनरी लावला तर कधी लागेल नेम नाही, अर्जंटला जास्त पैसे, लाइटनिंगला तर विचारूच नका. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पीपी कॉल. घरी फोन असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यामुळे गावातल्या एखाद्या दुकानात फोन यायचा आणि दुकानदार पोराला पिटाळायचा, "जा, तिला बोलावून आण." आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्येच विचारायची, वाढवायचे का?

मावशीच्या लक्षात राहिलेला एक मुलगा होता. रविवारी संध्याकाळी कोकणातल्या एका दुकानाचा नंबर मागायचा, मुलीच्या नावाने. बोलायचा काय? "पाऊस आहे का? आंबे उतरवले का? आबांचा खोकला कसा आहे?" पलीकडून नुसतं "हं". दुकानात गिऱ्हाइकं उभी, दुकानदार कान टवकारून, ती बिचारी बोलणार काय? मावशीला दुसऱ्या-तिसऱ्या रविवारीच कळलं की हे आंब्यांबद्दल चाललेलं नाही.

आता सांगा, कुठलं प्रेम खरं वाटतं? तासभर "तू जेवलीस का" विचारणारं, की तीन मिनिटांत आंब्यांच्या आडून बोलणारं?

लोक म्हणतात अभ्यास म्हणजे सनावळ्या. मला सनावळ्यांशी देणंघेणं नाही. त्या काळात त्या दोघांच्या मधे नेमकं काय आडवं येत होतं, ते शोधणं म्हणजे अभ्यास. प्रेमकथा त्या आडव्या येणाऱ्या गोष्टींवरच उभी असते. ती अडचण खोटी असली की तळमळही खोटी वाटते, मग कितीही अश्रू ओता.

याच कथेत आधीच्या एका भागात ती मुंबईहून ट्रेनने मालवणजवळच्या कुडाळला उतरते. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली १९९८ च्या जानेवारीत! त्या आधी रात्रभर एसटी, घाटातली वळणं, खिडकीशी ओकाऱ्या, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून बोट. आणि पावसाळ्यात बोट बंद. अगं बाई, दर्याने तुला आयता विरह दिला होता आणि तू तो ट्रेनमध्ये बसवून घालवलास.

आणि तो "तिची पत्रं उशाखाली ठेवून झोपतो". कोणाच्या उशाखाली? लालबाग-परळच्या गाळ्यांत एका खोलीत पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची. हा रातपाळीला गेला की त्याच जागेवर दुसरा आडवा. स्वतःची म्हणून एक पत्र्याची ट्रंक, तिला कुलूप. पत्र वाचायला एकांत कुठला? खानावळीत चार माणसांत अंतर्देशीय उघडायचं, की जिन्यात उभं राहून, की गिरणीच्या भोंग्याआधी फाटकाबाहेर? मला त्या मुलाला तिथे उभं राहून वाचताना बघायचं होतं. तुम्ही मला उशी दाखवलीत.

माहितीच्या ओझ्याखाली प्रेम गुदमरलेल्या कादंबऱ्याही मी वाचल्या आहेत, मान्य. पण तो काही अभ्यास न करण्याचा परवाना नाही.

मावशीच्या त्या मुलाचं पुढे ऐका. एका रविवारी लाइन इतकी खराब की दोघांना एकमेकांचं काही ऐकू येईना. मावशीला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. मग तीच मधे बोलायला लागली. त्याने सांगितलं, मावशीने तिला सांगितलं, "ते म्हणतायत, पाऊस गेला की घरी येऊन बोलतो." पलीकडे काही वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "त्यांना सांगा, हं."

हे सांगताना सत्तरी उलटलेल्या मावशीचा आवाज अजून बदलतो. असा प्रसंग घरी बसून सुचत नाही हो. त्यासाठी त्या खुर्चीत कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईशी जाऊन बोलावं लागतं. अशा मावश्या अजून आहेत, आणि विचारलं की त्या भरभरून बोलतात. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात संदर्भ विभाग आहे. जुनी वर्तमानपत्रं उघडा, बातम्या सोडा, जाहिराती वाचा. साडी केवढ्याला, सिनेमाचा खेळ किती वाजता, सगळं मिळतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ही मुलगी मनापासून लिहिते. मालवणच्या आईचं आणि मुलीचं भांडण तिने लिहिलं होतं तेव्हा मी रडले होते. म्हणून तर चिडले. जिला जमत नाही तिच्यावर कोण वेळ घालवतं?

पुढच्या भागाची जाहिरात आलीय : दोघं पळून मुंबईत येतात आणि त्याच संध्याकाळी रजिस्टर लग्न करतात. बाळा, थांब. हिंदू-ख्रिश्चन जोडप्याचं रजिस्टर लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने होतं, तो काढून वाच. आधी नोटीस द्यावी लागते. जिथे नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचा तरी तीस दिवसांचा मुक्काम लागतो. मग ती नोटीस कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि पुढचे तीस दिवस कोणीही येऊन हरकत घेऊ शकतं. शिवाय तिचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणजे नोटिशीची प्रत तिथल्या अधिकाऱ्याकडेही जाणार, आणि तिथेही लागणार. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. म्हणजे रत्नागिरीच्या कचेरीत तिचं नाव, त्याच्या नावाशेजारी, महिनाभर. तिच्या बापाच्या ओळखीचा कोणी ना कोणी तिथे कामाला जाणारच. इकडे ती कोणाकडे राहणार? तीन साक्षीदार कुठून आणणार? गाळ्यातला कोण सही करेल आणि कोण फितूर होईल?

ते तीस दिवस लिही. मी वाचणार आहे.