नमुन्यात रिलायन्सच का असतो?

शेअर बाजाराचा जुना डेटा विकणाऱ्या कुणाकडेही नमुना मागा, हाती रिलायन्सची फाइल पडते. गेल्या महिन्याची, एक मिनिटाच्या कँडलची (त्या मिनिटाचा उघडता, सर्वात वरचा, सर्वात खालचा आणि बंद भाव), एकही ओळ न गळालेली. रिलायन्समध्ये दिवसभर अखंड सौदे चालतात, तिथे डेटात भोक पाडायचं म्हटलं तर वेगळी मेहनत घ्यावी लागेल. हा हापूसच्या पेटीतला वरचा थर. पैसे मात्र अख्ख्या पेटीचे, वर 18 टक्के जीएसटी.

विक्रीविभागाचं ठरलेलं वाक्य असतं, "सर, आमचा डेटा 99.9 टक्के अचूक आहे." खरं धरू. बाजार 9:15 ते 3:30, म्हणजे रोज 375 कँडल. वर्षाला साधारण 93 हजार. त्यातल्या 93 चुकीच्या. आणि बॅकटेस्टचा, म्हणजे खरेदी-विक्रीचे नियम (स्ट्रॅटेजी) जुन्या भावांवर चालवून पाहण्याचा, स्वभाव असा, की ती 92,907 बऱ्या कँडल ओलांडून नेमकी त्या 93 जणींपाशी जाऊन थांबते. क्षणभर चुकून 40 टक्के खाली छापला गेलेला भाव तिला चूक वाटतच नाही, संधी वाटते. ती तिथे खरेदी करते, पुढच्या मिनिटाला विकते आणि आपल्याला गाडी घ्यायचे विचार सुचू लागतात.

म्हणून मी विक्रेत्याला चांगले दिवस दाखवूच देत नाही. पहिली तारीख मागतो 24 फेब्रुवारी 2021. त्या दिवशी तांत्रिक बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) व्यवहार 11:40 ला थांबले, ते 3:45 ला पुन्हा सुरू होऊन 5 पर्यंत चालले. या फाइलमध्ये दुपारी एक वाजता कँडल दिसली, तर ती विक्रेत्याने घरी बनवलेली आहे. 3:30 नंतर काहीच नसेल, तर त्याच्या प्रोग्रॅमने ठरल्या वेळी दुकान बंद करून उरलेला बाजार बाहेरच ठेवला आहे. एका तारखेत दोन दुखणी कळतात, आणि तीही फुकट.

नमुना रिलायन्सचाच द्यायचा हट्ट असेल तर तोही चालतो, फक्त तारखा माझ्या. 28 ऑक्टोबर 2024 ला एकास एक बोनसमुळे (प्रत्येक शेअरमागे एक फुकट) भाव 2,600 च्या वरून 1,300 च्या घरात आला. मागचे भाव निम्मे केलेले नसतील तर स्ट्रॅटेजीला एका रात्रीत पन्नास टक्क्यांची घसरण दिसते. भाव निम्मे केले पण व्हॉल्यूम (सौदे झालेल्या शेअरची संख्या) दुप्पट करायचा राहिला, हा त्याहून चिवट प्रकार, कारण तो चार्टवर डोळ्याला दिसत नाही. मग 20 जुलै 2023. जिओ फायनान्शियल वेगळी झाली (डीमर्जर), त्यासाठी रिलायन्सचं खास प्री-ओपन सत्र (सौदे सुरू होण्याआधी भाव ठरवण्याचं) झालं, भाव 2,841.85 वरून 2,580 ठरला आणि नेहमीचे सौदे 10 वाजता सुरू झाले. बोनस आणि स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) सांभाळणारे पुष्कळ आहेत, डीमर्जर म्हटलं की फोनवर शांतता पसरते.

यानंतर मेलेल्या कंपन्यांची चौकशी. हे जरा अभद्र वाटतं, पण इलाज नाही. आजच्या निफ्टीतले पन्नास शेअर घेऊन 2008 पासून बॅकटेस्ट केली तर ती नफ्यातच जाणार. ज्या टिकल्या त्याच घेतल्या ना! 2008 च्या निफ्टीत सत्यम होती, युनिटेक, सुझलॉन आणि रिलायन्स कम्युनिकेशन्सही होत्या. डीएचएफएल तर 2021 मध्ये यादीतूनच गेली आणि भागधारकांच्या हाती शून्य आलं. "त्या सिंबॉलना आता मागणी नसते सर," असं उत्तर आलं तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. नाव बदललेल्यांचंही तेच. इन्फोसिसचं जुनं सिंबॉल, म्हणजे बाजारातलं छोटं नाव, इन्फोसिसटेक होतं, झोमॅटोची इटर्नल झाली. सांधा नीट जोडलेला नसेल तर एक कंपनी अचानक गायब होते आणि दुसरी थेट प्रौढ वयात जन्माला येते.

महिंद्रा अँड महिंद्राची तर वेगळीच व्यथा. तिच्या सिंबॉलमधलं 'अँड'चं चिन्ह वेब-पत्त्यात 'पुढचा तपशील सुरू' अशा अर्थाने वापरतात. त्यामुळे सर्व्हरला नुसतं 'एम' ऐकू जातं आणि तो नम्रपणे रिकामी फाइल पाठवतो. त्या चिन्हाच्या जागी टक्केचिन्ह आणि 26 लिहिलं की काम होतं.

वेळेचा शिक्का हा माझा आवडता प्रश्न. 9:15 लिहिलेली कँडल 9:15 ला सुरू झाली की संपली? बाजारच तेव्हा उघडतो, म्हणून पहिली ओळ 9:15 ची असेल तर शिक्का सुरुवातीचा, 9:16 ची असेल तर शेवटचा. शिक्का सुरुवातीचा असताना त्याच क्षणी कँडलचा बंद भाव वापरला, की स्ट्रॅटेजीला एक मिनिट पुढचं भविष्य दिसतं. पाच मिनिटांच्या कँडलवर पाच मिनिटं. अशा वेळी नफ्याचा आलेख खाली यायचं नाव घेत नाही. तो बघून राजीनामा टाइप करणाऱ्यांनी एकदा हा रकाना तपासावा. फाइल पहाटे 3:45 ला सुरू होत असेल तर घाबरू नका, विक्रेता ग्रीनिचच्या वेळेत राहतो. साडेपाच तास मिळवा.

ऑप्शनच्या (ठरल्या भावाने, ठरल्या मुदतीत खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या करारांच्या) डेटाला हात लावायचा तर छाती हवी. दूरच्या स्ट्राइकमध्ये (ठरलेला भाव बाजारभावापासून लांब) कित्येक मिनिटं एकही सौदा होत नाही. प्रामाणिक विक्रेता तिथे जागा रिकामी ठेवतो, उत्साही विक्रेता मागचा भाव पुढे ओढून व्हॉल्यूम शून्य लिहितो. मग आपली स्ट्रॅटेजी कुणीच न विकलेला ऑप्शन बिनदिक्कत विकत घेते. ब्रोकरच्या एपीआयवर (प्रोग्रॅमला थेट डेटा देणाऱ्या सोयीवर) स्वस्तात भागेल असं वाटतं, पण तिथे बहुधा चालू काँट्रॅक्टच मिळतात आणि मुदत संपलेल्यांचे टोकन क्रमांक पुढे दुसऱ्या काँट्रॅक्टला दिले जातात. निफ्टीचा लॉटही (एका काँट्रॅक्टमधले नग) स्थिर नाही: 2021 पर्यंत 75, मग 50, 2024 मध्ये आधी 25 आणि वर्ष संपता संपता पुन्हा 75. साप्ताहिक एक्सपायरी (मुदत संपण्याचा दिवस) गुरुवारची सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी आली. बँक निफ्टीची साप्ताहिक तर नोव्हेंबर 2024 मध्ये बंदच झाली. ही तारीखवार यादी कुणी आयती देत असेल तर त्याला चार पैसे जास्त द्यावेत.

इतकी उलटतपासणी नको असेल तर एनएसईची भावकॉपी (रोजच्या भावांची अधिकृत फाइल) घ्या. ती फुकट असते आणि बोनस-स्प्लिटसाठी दुरुस्त केलेली नसते, म्हणून विक्रेत्याकडचा कच्चा डेटा मागून त्याच्याशी ताडायचा. मिनिटांच्या कँडलमधला दिवसाचा उच्चांक आणि नीचांक काढा. विक्रेत्याचा उच्चांक वारंवार थोडा खाली आणि नीचांक थोडा वर निघाला, तर तो प्रत्येक सौदा टिपत नाही, मधूनमधून भाव टिपतो. बंद भाव मात्र जुळला नाही म्हणून भांडायला जाऊ नका. भावकॉपीतला बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासाची व्हॉल्यूमनुसार काढलेली सरासरी असते, शेवटचा सौदा नव्हे. उघडता भाव प्री-ओपनचा असतो, त्यामुळे 9:15 च्या कँडलशी तोही फटकून वागेल.

सगळं जुळलं तरी वार्षिक वर्गणी लगेच भरू नये. एक महिन्याची घ्यावी, सगळा इतिहास उतरवून तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि महिन्याअखेरीस तोच इतिहास पुन्हा उतरवून ताडावा. जुने आकडे न सांगता बदललेले निघाले, तर फोन करून विचारायचं. तिकडून उत्तर येतं, "सर, डेटा इम्प्रूव्ह केलाय." म्हणजे 99.9 चे किती झाले, ते मात्र कुणी सांगत नाही.