सबाल्टर्नवर चर्चासत्र घेताय? मग एवढं सांभाळा

नागपुरात राहून तुम्ही अजून सबाल्टर्नवर, म्हणजे ज्यांचा आवाज सत्तेपर्यंत पोचत नाही अशा तळच्या माणसांवर, एकही पेपर वाचला नसेल, तर प्राध्यापकीत तुमचं कठीण आहे. घाबरू नका. हॉल मात्र सिव्हिल लाइन्समधलाच घ्या, एसीवाला. इंदोऱ्यातल्या दलित वस्तीत घेतलात तर ज्यांच्याविषयी बोलायचं तेच समोर येऊन बसतात आणि सगळा विचका होतो.

सुरुवात ग्राम्शीपासून, म्हणजे ज्या इटालियन कम्युनिस्टानं हा शब्द या अर्थानं वापरला त्याच्यापासून. मुसोलिनीच्या तुरुंगात बसून तो शेतकरी-कामगारांची सत्ता कशी येईल याचा विचार करत होता. हे दोन वाक्यांत उरका, नाहीतर कुणीतरी युनियनचं विचारतं. मग इतिहासकार रणजित गुहांनी १९८२ साली काढलेला 'सबाल्टर्न स्टडीज' या तळच्या माणसांच्या इतिहासाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड, आणि तिथून थेट अभ्यासक गायत्री स्पिवाक यांचा १९८८ चा निबंध. सबाल्टर्न बोलू शकते का? 'नाही' म्हणून ठोकून द्या. तिचं बोलणं ऐकून घेणारं कुणी नसतं, हा त्यांचा मुद्दा सांगत बसू नका; श्रोते चुळबुळतात. मार्क्सवादी समाजशास्त्रज्ञ विवेक छिब्बर यांनी २०१३ साली या मंडळींवर वर्ग आणि भांडवल विसरल्याचा ठपका ठेवला. त्यांचं नाव निघालं की 'युरोपकेंद्री' म्हणायचं, काम भागतं.

चहाच्या सुट्टीत कंत्राटावरची बाई म्हणेल, "सर, प्लेटा लवकर द्या ना जी, मले दुसऱ्या कामावर जाचं आहे. ठेकेदारानं दोन महिन्याचे पैसे नाही देल्ले." वहीत लिहा : 'मौनाचं राजकारण'. पैशाचं लिहू नका, त्याला तळटीप सापडत नाही.

खरा धोका पुढेच आहे. एखादा आगाऊ पोरगा उठेल. म्हणेल, २० जुलै १९४२ ला याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, भाषणाला खुद्द बाबासाहेब, समोर हजारो बाया. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला कायद्यानं बंदी मागितली. गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथं राबणाऱ्या बायांना रजा, दुखापतीची भरपाई आणि पेन्शन मागितलं. रीतसर ठराव करून. जात, संसार अन् मजुरी एकाच मांडवात. त्या बोलल्या का नाही, सर?

गडबडू नका. शांतपणे सांगा की बोलल्या, म्हणजेच त्या सबाल्टर्न उरल्या नाहीत. हे उत्तर कुठेही चालतं. पोरगा तरीही उभाच राहिला, तर अध्यक्षांनी घड्याळ दाखवावं आणि जाहीर करावं, की सावजी मटण थंड होतंय अन् प्रमाणपत्रं जेवणानंतरच मिळतील.