तेरा बोल्ट मोजून गिअरबॉक्स ओळखता येत नाही

अमेरिकेत जुन्या गाड्या राखणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘जनरल मोटर्सचे जुने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सगळे एकमेकांच्या जागी बसतात. खाली वाकून पॅनचे बोल्ट मोजा. तेरा भरले की तो टर्बो ३५०. लांबी जुळली की लावा. चार गिअरचा मिळाला तर उत्तमच, केबल जोडली नाही तरी चालतो आणि पेट्रोल वाचतं.’ हे वाचून कुणी भंगार गाड्यांच्या यार्डात पैसे मोजून मोकळा होण्याआधी हे लिहितोय, कारण मी एकदा तसे मोजून बसलो आहे.

आधी तेरा बोल्टांचं बघू. पॅन म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं. टर्बो ३५० ला तेरा बोल्ट असतात हे खरं, पण टर्बो ४०० लाही तेराच असतात. ७००-आर-४ आणि २००-४-आर या चार गिअरवाल्या दोघांना सोळा. म्हणजे नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही, पॅनचा आकार बघावा लागतो. ३५० चा पॅन जवळपास चौकोनी, मागचा एक कोपरा कापलेला. ४०० चा लांबट आणि वेडावाकडा. खात्री करायची तर किकडाउन (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर पडण्याची सोय) बघा: ३५० ला त्यासाठी केबल येते, ४०० ला डाव्या अंगाला विजेचं कनेक्टर असतं. चौदा बोल्ट दिसले तर तो दोन गिअरचा ॲल्युमिनियम पॉवरग्लाइड. आणि अकरा दिसले तर तो हलका टर्बो २००. १९७६ ते १९७९ च्या गाड्यांत ३५० ऐवजी हा बसवला, अशी तक्रार घेऊन ग्राहक जनरल मोटर्सविरुद्ध न्यायालयात गेले होते. एकाच्या जागी दुसरा बसला म्हणजे दोघे सारखे, असं त्या ग्राहकांनी तरी मानलं नाही.

‘सगळे एकमेकांच्या जागी बसतात’ हे वाक्य तर बेल हाऊसिंगपाशीच, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडला जातो त्या तोंडापाशीच अडतं. शेव्हरोलेच्या इंजिनाचा बोल्ट पॅटर्न वेगळा; ब्यूक, ओल्ड्समोबिल, पॉंटिॲक यांचा वेगळा. टर्बो ३५० आणि ४०० दोन्ही पॅटर्नमध्ये निघाले. माझ्या १९७१ च्या शेव्हरोले शेव्हेलसाठी मी यार्डातून अस्सल टर्बो ३५० आणला, पॅन बरोबर, बोल्ट बरोबर, आणि जॅकवर चढवल्यावर कळलं की तो ब्यूकच्या पॅटर्नचा आहे. वरच्या कडेला मधोमध व्ही आकाराची खाच होती, आणि मी ती बघितलीच नव्हती. बॉक्स ज्या गाडीतून निघाला तिच्या नावावरही भिस्त ठेवू नका: १९७७ च्या कित्येक ओल्ड्समोबिलमध्ये शेव्हरोलेचं ३५० घनइंची इंजिन होतं. काही २००-४-आर ना मात्र दोन्ही पॅटर्नची भोकं असतात, तेवढे अपवाद.

लांबीबद्दल त्या मजकुरात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. पॉवरग्लाइड काढून सहा इंची शेपटाचा (मागच्या निमुळत्या भागाचा) टर्बो ३५० घालायचा असेल तर मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि माउंटिंग बहुतेक जागच्या जागी राहतं. पण ३५० नऊ आणि बारा इंची शेपटाचेही आले. २००-४-आर ची एकूण लांबी सहा इंची शेपटाच्या ३५० इतकीच, योकही (शाफ्टचं गिअरबॉक्सात जाणारं टोक) तोच. माउंटिंग मात्र साडेसहा इंचांहून जास्त मागे, म्हणजे बॉक्स ज्यावर टेकतो तो आडवा क्रॉसमेंबर सरकवावा लागतो. ७००-आर-४ तीन इंच लांब, त्यामुळे शाफ्ट कापावा लागतो. आणि टर्बो ४०० च्या आउटपुट शाफ्टला बत्तीस दाते, ३५० ला सत्तावीस. जुना योक त्यात जाणारच नाही.

सगळ्यात घातक सल्ला केबलचा आहे. टर्बो ३५० ची केबल फक्त किकडाउनसाठी. ती तुटली तरी गाडी चालते, कारण इंजिनावरच्या भाराची खबर त्याला व्हॅक्यूम मॉड्युलेटर देतो. ७००-आर-४ ला मॉड्युलेटर नाही. त्याची केबल ॲक्सिलरेटर किती दाबला आहे ते सांगते आणि त्यावरून तेलाचा दाब ठरतो. केबल नसली किंवा ढिली असली की पाय दाबूनही दाब वाढत नाही, क्लच घसरतात आणि थोड्याच मैलांत जळतात. कार्बोरेटर बदललेला असेल तर केबलची ओढही बदलते, तिथे त्या कार्बोरेटरचा योग्य ब्रॅकेट लागतो. केबलशिवाय चालणारी व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वाटणारा आतला भाग) मिळते, पण ती मुद्दाम बसवावी लागते, आपोआप तसं होत नाही.

पेट्रोलचं गणित मागच्या ॲक्सलच्या गुणोत्तरावर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात त्यावर आहे. ७००-आर-४ चा चौथा गिअर ०.७० चा, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचा ०.७० फेरा; दोन्हींचा गुणाकार करायचा. ॲक्सल ३.७३ असेल तर हायवेवर २.६१ चा परिणाम मिळतो, छान. ॲक्सल २.७३ असेल तर तोच १.९१ होतो, आणि जुनं इंजिन चौथ्यात गुदमरतं.

त्या मजकुराच्या शेवटी आणखी एक ओळ आहे: ‘बॉक्स पूर्ण टेकत नसेल तर बोल्ट आवळून ओढून घ्या.’ कृपा करून हे करू नका. टेकत नाही याचा अर्थ बहुधा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) पंपात पूर्ण बसलेला नाही, आणि बोल्ट आवळले की पंप फुटतो. कन्व्हर्टर फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने खटकन आत जातो. बॉक्स इंजिनाला हाताने टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या मागच्या चकतीपासून) साधारण पाव इंचाच्या आत, पण अष्टमांश इंच तरी, लांब राहायला हवा. फटच नसेल तर बॉक्स परत खाली घ्या.