पहिला पैसा यायच्या आधीचे दिवस

मागच्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमाराला एका मैत्रिणीचा मेसेज आला. "बंद करतेय गं मी हे ऑनलाइन काम. माझ्यात चिकाटीच नाही." सुरुवात करून तिला चार महिने झाले होते. घरून ट्रान्सक्रिप्शन (आवाज ऐकून तो मजकुरात उतरवणं) आणि सबटायटल्सचं काम मिळवायला धडपडत होती. मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, लॅपटॉप उघड, आपण मोजू. मोजलं. ६१ प्रपोजल्स (काम मागणारे अर्ज) गेली होती. उत्तरं आली ३. काम मिळालं एक, तेही सोळा मिनिटांच्या ऑडिओचं.

एकसष्ट वेळा या बाईने कुणा अनोळखी माणसाची जाहिरात नीट वाचली, त्याला नेमकं काय हवंय ते समजून घेतलं, स्वतःबद्दल चार ओळी नव्याने लिहिल्या, नमुना जोडला आणि पाठवलं. अठ्ठावन्न वेळा समोरून काहीच आलं नाही. नकारसुद्धा नाही. मी तिला विचारलं, अगं, ही चिकाटी नाही तर काय आहे?

घरून ऑनलाइन कमाई करायला निघालेले बरेच जण मध्येच सोडतात, हे खरंय. मला या कामात सहा वर्षं झाली. माझ्याबरोबर सुरुवात केलेले आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. पण त्याची जी कारणं ऐकवली जातात, आळस, शिस्त नाही, मन लागत नाही, ती मला अजिबात पटत नाहीत. या कामाचा फार मोठा भाग बिनपैशाचा असतो आणि त्या भागाला कुणी काम म्हणतच नाही. वेबसाइट म्हणत नाही, घरचे म्हणत नाहीत, आणि काही महिन्यांनी करणारा माणूस स्वतःही म्हणेनासा होतो. माझ्या मते माणूस मोडतो तो तिथे.

आता हे माझ्या मनाचे खेळ वाटायला नकोत म्हणून एक हिशोब सांगते. ॲमेझॉनने २००५ मध्ये मेकॅनिकल टर्क सुरू केलं. चित्रात काय दिसतंय ते लिहा, पावतीवरचे आकडे उतरवा, सर्व्हे भरा, अशी बारीकसारीक कामं आणि प्रत्येकाचे थोडेसे पैसे. २०१८ मध्ये काही संशोधकांनी तिथल्या २,६७६ जणांनी केलेल्या ३८ लाख कामांची नोंद तपासली. सगळ्यांना कमाईप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाच्या हातात तासाला साधारण २ डॉलर पडत होते. तासाला ७.२५ डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय किमान वेतनाच्या वर, जेमतेम ४ टक्के लोक जात होते. या संशोधकांनी काम शोधण्यात गेलेला वेळ धरला, करून दिल्यावर नाकारलं गेलेलं काम धरलं, अर्ध्यावर सोडून द्यावं लागलेलं काम धरलं. जाहिरातीत हे तास कधीच दिसत नाहीत. पण ते तास कुणाच्या तरी आयुष्यातून गेलेले असतात ना.

यूट्यूबचं घ्या. जाहिरातींच्या पैशातला वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि शेवटच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. ही अट २०१८ च्या जानेवारीत आली. (शॉर्ट्सवाल्यांसाठी दुसरी अट आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज.) २०२३ मध्ये ५०० सबस्क्रायबरवर एक खालची पायरी आली, पण त्यात जाहिरातींचा वाटा मिळत नाही. आता ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एक माणूस सरासरी चार मिनिटं बघतो असं धरलं तर साठ हजार वेळा तुमचे व्हिडिओ कुणीतरी उघडायला हवेत, तेव्हा कुठे दार उघडणार. दार उघडलं की खात्यात १० डॉलर जमल्यावर गूगल तुमच्या पत्त्यावर पोस्टाने पिन पाठवतं. तो यायची वाट बघायची. मग १०० डॉलर जमेपर्यंत काहीच सुटत नाही. जमले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात.

ही सगळी माहिती उघड आहे, कुणी लपवलेली नाही. पण "घरबसल्या यूट्यूबवरून कमवा" म्हणणाऱ्या किती जणांनी ती ओळीने अशी मांडून दाखवली? मांडली असती तर माणसाने सहाव्या आठवड्यात स्वतःला नालायक ठरवलं नसतं. आपण कुठल्या पायरीवर आहोत एवढं तरी त्याला कळलं असतं.

फ्रीलान्सिंगमध्येही हेच. अपवर्क या काम मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर प्रपोजल पाठवायला कनेक्ट्स (तिथले टोकन) खर्च होतात आणि ते संपले की विकत घ्यायचे. म्हणजे काम मागायलाच खिशातून घालायचं. फायव्हर ही तशीच दुसरी वेबसाइट, ती प्रत्येक कामातून २० टक्के कापते, आणि काम पूर्ण झाल्यावरही नव्या माणसाचे पैसे मोकळे व्हायला १४ दिवस लागतात. तक्रार म्हणून सांगत नाहीये. त्यांचं दुकान आहे, ते भाडं घेणारच. पण कष्ट आज आणि फळ कधीतरी, मिळालंच तर, अशा व्यवस्थेत महिनोन् महिने एकट्याने बसून राहणं ही साधी गोष्ट नाही.

लोक म्हणतात २१ दिवस नेटाने करा, सवय लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर याचा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि त्या सवयी तरी कुठल्या, तर रोज पाणी पिणं, थोडं चालणं किंवा पळणं अशा. पाणी प्यायला समोरच्याचं उत्तर यावं लागत नाही. इथे तुम्ही तुमचा वाटा केलात तरी गोष्ट पूर्ण होत नाही, ती कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहते.

ही शांतता फार वाईट असते. नोकरीत साहेब ओरडला तरी आपण केलेलं कुणीतरी पाहिलं एवढं कळतं. इथे मी सुरुवातीचे कित्येक दिवस सकाळी उठल्या उठल्या, डोळेही नीट उघडायच्या आधी, फोनवर डॅशबोर्ड बघायचे. प्रोफाइल व्ह्यूज: ०. दुपारी परत. ०. एकदा २ दिसले तर दिवसभर हलकं वाटत होतं. नंतर लक्षात आलं की दोन्ही वेळा मीच दुसऱ्या फोनवरून उघडून बघितलं होतं.

अशा भुकेल्या अवस्थेत माणसाला कोण गाठतं हे नीट समजून घ्यायला हवं. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, एवढंच काम. आणि पैसे खरंच येतात! पहिल्याच दिवशी, तासाभरात, थोडेसेच पण येतात. मग मोठ्या टास्कसाठी आधी रक्कम भरायला सांगतात. स्क्रीनवर तुमचे पैसे वाढताना दिसतात आणि काढायला गेलं की आणखी भरा म्हणतात. यात अडकलेल्यांना लोक हावरट म्हणतात तेव्हा मला राग येतो. चार महिने ज्याला एकाही दारातून हाक आली नाही, त्याला पहिल्या दिवशी कुणीतरी "तुमचं काम छान झालं, हे घ्या पैसे" म्हणतं. खरं काम पैसे उशिरा देतं आणि ही माणसं आधी देतात. तेवढ्या एका फरकावर त्यांचा सगळा धंदा उभा आहे. म्हणून नवीन कुणीही मला विचारलं की मी पहिलं हेच सांगते, पहिल्या दिवशी सहज पैसे आले तर घाबर. आणि काम द्यायच्या आधी रजिस्ट्रेशन, किट, डिपॉझिट, कुठल्याही नावाने पैसे मागितले की तिथून ऊठ.

मीही फसले आहे, पण वेगळ्या तऱ्हेने. माझं पहिलं मोठं काम ५२ मिनिटांची मुलाखत उतरवण्याचं होतं. क्लायंट म्हणाला, वेबसाइटबाहेर करू, तुमचं कमिशन वाचेल. मला ते माझ्या भल्याचं वाटलं. स्वच्छ आवाजाचा एक तास उतरवायला सरावलेल्या माणसालाही चार तास लागतात. त्या मुलाखतीत मागे पंखा होता आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होते. चार-चार सेकंद मागे घेत, एकच शब्द दहादा ऐकत, मी दोन रात्री बसले. तिसऱ्या रात्री फाइल पाठवली. त्याने "थँक्स" लिहिलं आणि त्यानंतर तो माणूस दिसलाच नाही. ईमेल परत यायला लागले. वेबसाइटबाहेर गेल्यामुळे दाद मागायला जागा नव्हती. पुढचे तीन महिने मी लॅपटॉपला हात लावला नाही आणि घरात विचारलं तर "सध्या काम कमी आहे" असं सांगत राहिले.

घराचं बोलायलाच हवं. "घरीच तर आहेस" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा घरून काम करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. बेल वाजली की दार तू उघड, पार्सल तू घे, गॅसवर लक्ष तू ठेव, पोराचा अभ्यास तू बघ. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण कानात हेडफोन, स्क्रीनवर अर्धवट ओळ, आणि चाळीस मिनिटांत सातव्यांदा उठायचं. परत बसल्यावर वाक्याचं टोक सापडत नाही. पैसे यायला लागल्यावर हेच घर दार लोटून घेतं, हळू बोलतं. हे मी माझ्याच घरात पाहिलंय. म्हणजे कामाला काम म्हणून मान मिळतो तो पैसे आल्यावर, आणि पैसे यायला आधी तो मान, तो निवांत तास लागतो. या कात्रीत कितीजणी सापडतात.

आणि एक गोष्ट आहे, जी टिकलेले लोक सांगत नाहीत. मी सांगते. मी टिकले कारण त्या पहिल्या दीड वर्षात घरात दुसरा पगार येत होता. तो नसता तर चौथ्या महिन्यात मी मिळेल ती नोकरी धरली असती आणि आज कुणीतरी माझ्याबद्दल म्हणालं असतं, हिच्यात चिकाटी नव्हती. ज्याच्यावर हप्ता आहे, आजारी माणूस आहे, त्याने सोडलं तर त्याने हिशोब केला, एवढंच.

तीन महिन्यांनी मी परत बसले ती कुठला व्हिडिओ बघून नाही. याच कामातल्या एका ताईंकडे काम जास्त झालं होतं, त्यांनी वीस मिनिटांची फाइल दिली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या चुका लाल करून परत पाठवल्या. सतरा चुका होत्या. मला इतकं बरं वाटलं! कुणीतरी माझं काम शेवटपर्यंत वाचलं होतं.

एक सवय मात्र खरोखर घात करते, आणि ती म्हणजे दर दोन महिन्यांनी गाडी बदलणं. आधी ब्लॉग, मग अफिलिएट (दुसऱ्याचा माल आपल्या लिंकवरून विकून कमिशन घेणं), मग टी-शर्टवर डिझाइन, मग शेअर बाजार. प्रत्येक ठिकाणी तो सुरुवातीचा बिनपैशाचा काळ असतोच, आणि हा माणूस दर वेळी तेवढाच भाग करून उठतो. सगळ्या रस्त्यांचे पहिले खडे त्याच्याच पायाखाली येतात. यात कोर्स विकणाऱ्यांचा हात मोठा आहे. त्यांच्या स्क्रीनशॉटवर रक्कम असते, तास नसतात.

पण काहीही झालं तरी धरूनच ठेवा, असंही मी म्हणणार नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनने अफिलिएट कमिशन कापलं, फर्निचरचं ८ टक्क्यांवरून एकदम ३ टक्क्यांवर आणलं. वर्षानुवर्षं चिकाटीने वेबसाइट उभी केलेल्यांचं उत्पन्न एका ईमेलने खाली आलं. माझ्या कामाचं तर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे आवाज आपोआप मजकुरात उतरवणारं सॉफ्टवेअर, आलं तेव्हापासून रूपच बदललंय. आता कोरी फाइल क्वचित येते. मशीनने उतरवलेला मजकूर येतो, तो दुरुस्त करायचा, दर कमी. खराब आवाज, दोन भाषांची सरमिसळ, माणसांची नावं, इथे अजून माणूस लागतो म्हणून मी आहे. उद्या ते बदललं तर मी दुसरं काम शोधेन आणि त्याला हार म्हणणार नाही.

त्या रात्री मैत्रिणीशी दीड तास बोलले. तिने एक साधी शीट केली. तारीख, किती वेळ बसले, काय केलं, पैसे मिळाले की नाही. मागचे चार महिने आठवून आठवून भरले. बेरीज झाली तेव्हा ती गप्प झाली. दोनशे तासांच्या वर गेली होती. "एवढं काम केलं मी?" म्हणाली. मग तिने ती शीट नवऱ्याला दाखवली.

पुढे ती करेल की सोडेल, मला माहीत नाही, आणि मी तिला आग्रहही केलेला नाही. सध्या प्रपोजल्स थांबवलीत आणि त्या सोळा मिनिटांच्या कामवाल्यालाच, आणखी काही आहे का, असं विचारलंय.

तुमच्यापैकी ज्यांनी असं काम सुरू करून सोडलं, त्यांनी खाली लिहा. किती दिवस केलंत, त्यातले किती तास बिनपैशाचे गेले, आणि घरात कुणाला ते माहीत होतं का. मला खरंच वाचायचंय.